पाचच की वो

नवा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला,
तर फोन म्हणाला, मर्यादा संपली.
आधी एखादं उपकरण काढा.
भरमू शेजारी बसून कुंदा खात होता.
"काका, पाचच की वो. सहाव्याला आत घेत नाहीत."
"पैसे भरतोय की मी दरवर्षी."
"भरा की. तरी पाचच."

गणपत गल्लीतल्या छापखान्यात
एकतीस वर्षं खिळे जुळवले मी,
सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी कन्नड,
कधी एकाच लग्नाच्या दोन्ही.
उलटं वाचून वाचून डोळ्यांनी शेवटी
सरळ वाचायचंच सोडलं.
तेव्हापासून पुस्तकं कानानं.

यादी उघडली.
छापखान्यातला संगणक भंगारात जाऊन चार वर्षं झाली,
तिथं आता चपलांचं दुकान,
यादीत मात्र तो अजून अधिकृत.
त्याला काढायचं तर त्याच्यावरूनच काढावं लागतं म्हणे.
मेलेल्यानं स्वतः येऊन सही करायची.
सुगंधाचा टॅब हुबळीला, नातवानं फोडलेला.
फोन करून विचारलं तर म्हणाली,
"राहू दे हो बाबा, माझं नाव आहे ना तिथं."
भरमूचा लॅपटॉप. माझा जुना फोन.
आणि एक बिननावाचा, नुसता आकडा:
काल रात्री एक चाळीस, संकेश्वर.

बराच वेळ आठवेना.
मग आठवला रविवार पेठेत अठराशेला विकलेला फोन.
"पुसून देऊ का," विचारलं होतं मी.
दुकानदार म्हणाला, "आम्ही पुसतो."

"चोर की वो," भरमू म्हणाला, "काढा त्याला.
नाही तर सगळेच काढा एकदम,
वर्षातून एकदा करता येतंय तसं.
मग एकेकाला परत घ्या."
सगळ्यांना बाहेर काढायचं
आणि दारात उभं राहून ओळख विचारायची.
या भागातला माणूस
कुठल्याही यादीत आधी आपलं नाव शोधतो,
दुसऱ्याचं नंतर.

म्हटलं, बघू तरी ऐकतोय काय.
दीपस्तंभाच्या राखणदाराची चौदा तासांची कादंबरी,
मी कंटाळून सातव्या प्रकरणात सोडलेली.
हा अकराव्यात पोचलेला,
रोज रात्री वीस मिनिटं,
आणि वाटेत खुणा ठेवलेल्या.
बोटांनी अक्षर मोठं केलं.
'काजळी' जिथं येतं तिथं खूण,
पुढं कन्नडात: मसि.

मसि.
आमच्या छापखान्यात शाईलाही तेच म्हणायचे,
बसप्पा हात पुसत म्हणायचा, मसि जात नाही रे.
खाली आणखी होत्या. 'गलबत', कोरी जागा.
'ओसरी': जगुली, पुढं प्रश्नचिन्ह.
साखर कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी असेल का याची?
की कुणी बाई असेल, लग्न होऊन मराठी घरात आलेली,
सगळे झोपल्यावर सासरचे शब्द वेचणारी?
मीही कन्नड असंच शिकलो होतो,
आधी हातानं, अक्षर कुठल्या घरात ठेवायचं ते,
अर्थ वर्षभरानं.

भरमूचा लॅपटॉप काढला.
"अहो! माझं काय काढलंत?"
"तू त्याच्यावर पुस्तक सोडून सगळं बघतोस."
"आणि तो चोर राहणार?"
"कुंदा संपव."

रात्री जगुलीच्या खाली, एकेक अक्षर शोधत,
कन्नडात लिहिलं: हौदु.
गलबतापुढं काय लिहावं सुचेना.
आमच्याकडे समुद्र कुठला?
दोड्ड दोणी लिहिलं. मोठी होडी.
खिळा नीट बसला नाही की बोटाला कळतं,
तसं कळत होतं.

सकाळी उघडून बघितलं.
जगुलीपुढचं प्रश्नचिन्ह गेलेलं.
गलबतापाशी माझे दोन शब्द तसेच,
त्यांच्याखाली आणखी एक, माझ्या ओळखीचा नाही.
कुणाला तरी विचारायला हवं.

भरमू अजून दारातून विचारतो,
"काका, मला परत कधी घेणार?"
मी म्हणतो, जागा झाली की.